न्यूयॉर्कच्या समीक्षकांना पार्वती दिसली, आपल्याला कधी दिसणार?

पोस्ट मोठी आहे. कापूस वेचून, हरभऱ्याला पाणी देऊन, जेवणं आटोपून सवडीनं वाचा.

काल ६ जानेवारी, दर्पण दिन. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच तारखेला 'दर्पण' सुरू केलं, म्हणून आपण पत्रकार दिन साजरा करतो. जिल्ह्यात ठिकठिकाणी कार्यक्रम झाले. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, मग ग्रुपवर फोटो. ज्यांचे सत्कार झाले त्यांचं मनापासून अभिनंदन, त्यात माझे बरेच जुने सहकारी आहेत.

कालच सकाळी, आपल्याकडं दूधवाले फिरत होते त्या वेळी, अमेरिकेत गोल्डन ग्लोबचा सोहळा चालू होता. तिथं पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' या सिनेमाला दोन नामांकनं होती. एक इंग्रजीबाहेरच्या सर्वोत्तम चित्रपटासाठी आणि दुसरं खुद्द पायलला दिग्दर्शनासाठी. दोन्ही पुरस्कार मिळाले नाहीत. चित्रपटाचा 'एमिलिया पेरेझ'ला गेला, दिग्दर्शनाचा 'द ब्रुटलिस्ट'वाल्या ब्रॅडी कॉर्बेटला.

लगेच एका ग्रुपवर मेसेज पडला, "भारताच्या हाती पुन्हा भोपळा." दुसऱ्यानं विचारलं, "थो पिच्चर कोनाचा आहे भाऊ? आपल्याकडं तं लागलाच नाही." तिसरा म्हणाला, "आपल्याले काय करा लागते त्याचं!"

या तिघांना तिथंच उत्तर देणार होतो, पण ते ग्रुपवर दोन ओळीत मावणारं नाही. म्हणून ही पोस्ट.

पहिली गोष्ट, भोपळा वगैरे काही नाही. गोल्डन ग्लोबच्या आधी काय काय झालं ते पाहा. मे २०२४ मध्ये कान महोत्सवात या सिनेमाला ग्रां प्री मिळाला, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान. कानच्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा पोचला तोच तीस वर्षांनी. डिसेंबरच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय चित्रपट ठरवलं. ही संघटना १९३५ पासूनची आहे. पाठोपाठ लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी त्यालाच निवडलं. ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' या मासिकानं वर्षातले पन्नास उत्तम सिनेमे काढले, त्यात हा पहिल्या नंबरवर. आणि परवा शनिवारी, ४ जानेवारीला, अमेरिकेच्या नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सनं पायल कपाडियाला वर्षाची सर्वोत्तम दिग्दर्शक ठरवलं. इंग्रजीबाहेरचे दिग्दर्शक वेगळे काढून नाही, सगळ्यांमधून.

आता मधलं एक पान उलटून पाहू. सप्टेंबरमध्ये फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाच्या समितीनं ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका निवडली. समितीत तेरा जण होते, तेराही पुरुष. समोर २९ सिनेमे होते. निवडला किरण रावचा 'लापता लेडीज'. नंतर फेडरेशनच्या अध्यक्षांनी मुलाखतीत कारण सांगितलं, त्याचा मतितार्थ असा की पायलचा सिनेमा पाहताना समितीला तो भारतात घडणारा युरोपचा सिनेमा वाटला, भारतीय वाटला नाही. १७ डिसेंबरला ऑस्करची पंधरा सिनेमांची यादी लागली, त्यात 'लापता लेडीज' नव्हता. संध्या सुरीचा 'संतोष' मात्र होता. तो हिंदीत आहे, उत्तर भारतातल्या पोलीस शिपाई बाईची गोष्ट आहे, पण तो पाठवला ब्रिटननं. गंमत पुढं आहे. फ्रान्सनं स्वतःची प्रवेशिका निवडताना जे चार सिनेमे अखेरपर्यंत ठेवले होते, त्यात पायलचा सिनेमा होता. म्हणजे आपण म्हणालो हा तुमचा, ते म्हणाले विचार करतो, आणि बिचारा मधल्यामध्ये राहिला.

'लापता लेडीज'ला नावं ठेवायची नाहीत. मला तो आवडला. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत तो बायकांनी एकत्र बसून मोबाईलवर पाहिला हे मला माहीत आहे. घुंगटातल्या दोन नवऱ्या रेल्वेत अदलाबदल होतात, ही गोष्ट गंमतीत सांगून त्यानं बरंच काही पोचवलं. माझा मुद्दा वेगळा आहे. तो समजायला छाया कदम पुरेशी आहे.

छाया कदम कोण? 'सैराट', 'फँड्री', 'न्यूड' पाहिलेल्यांना सांगायला नको. 'लापता लेडीज'मध्ये रेल्वे स्टेशनवर चहाचा ठेला चालवणारी मंजूमाई तीच. आणि 'ऑल वी इमॅजिन'मधली पार्वतीही तीच. एका वर्षात देशानं जो सिनेमा ऑस्करला पाठवला त्यातही ही मराठी बाई, आणि जो पाठवला नाही त्यातही हीच. कानच्या मंचावरही ती होती. आपल्या किती वाहिन्यांनी तिच्यावर अर्धा तास खर्च केला? मी तरी पाहिला नाही. त्या वेळी लोकसभा चालू होती, मान्य. पण लोकसभा आटोपल्यावरही वेळ मिळाला नाही.

पार्वती काय करते? मुंबईत हॉस्पिटलात स्वयंपाक करते. गाव रत्नागिरीकडं. नवरा गेला. राहती खोली पाडून तिथं टॉवर बांधायचाय. बिल्डरची माणसं येऊन धमकावतात. आणि खोली तिची आहे हे सांगणारा एकही कागद तिच्याकडं नाही. इतकी वर्षं त्या खोलीत राहिली, चूल पेटवली, भाडं भरलं, पण कागदावर तिचं नावच नाही. प्रभा ही मल्याळी नर्स तिला मदत करायला धडपडते. एक प्रसंग असा आहे की दोघी रात्री जातात आणि बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात. त्यानं काही होत नाही. शेवटी पार्वती सामान बांधून गावी जाते.

आता मला सांगा, हा युरोपचा सिनेमा आहे?

आपल्या तहसीलच्या आवारात कोणत्याही कामाच्या दिवशी जा. पार्वती झाडाखाली बसलेली दिसेल. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार, रेशन कार्ड, नवऱ्याचा मृत्यू दाखला. वारस नोंद झाली नाही, फेरफार अडकला, सातबाऱ्यावर अजून सासऱ्याचंच नाव. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात सरकारी मदत एक लाख रुपये. ही रक्कम २००६ पासून तीच आहे. पण ते प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरतं कागदावर. शेत नावावर होतं का, कर्ज बँकेचं होतं का सावकाराचं. बाई मात्र विधवा झालेलीच असते, पात्र असो का अपात्र.

जुलै-ऑगस्टमध्ये लाडक्या बहिणीचे फॉर्म भरायला सेतू केंद्रांवर काय गर्दी होती ती सगळ्यांनी पाहिली. मी बातम्या केल्या. त्या रांगेत पन्नाशीच्या, साठीच्या बाया होत्या ज्यांचं नाव माहेरच्या कागदावर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. दीड हजार रुपयांसाठी त्यांना पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की बाई, तू कागदोपत्री आहेस कोण? मी त्याची बातमी केली, 'सर्व्हर डाऊन, महिलांची गैरसोय'. दोन कॉलम. पायल कपाडियानं त्यावर सिनेमा केला. सर्व्हर पुढं सुरू झाला आणि बातमी विसरली गेली. पार्वती लक्षात राहते. सिनेमाचं काम हेच आहे.

मुंबईतल्या ज्या गिरणगावाच्या आसपास हा सिनेमा फिरतो, तिथल्या गिरण्यांना कापूस कुठून जायचा? आपल्या वऱ्हाडातून. खामगावच्या बाजारातल्या गाठी रेल्वेनं मुंबईला जायच्या. जलंब ते खामगाव हा फाटा इंग्रजांनी त्या कापसासाठीच टाकला. १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखाच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, ते पुन्हा धड उभे राहिले नाहीत. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. म्हणजे कापूस पिकवणाऱ्याची बायको इथं सातबारा शोधते आणि कापूस विणणाऱ्यांच्या वस्तीतली बाई तिथं खोलीचा कागद. हे नातं इथल्या कुणी दाखवायला हवं होतं. दाखवलं पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या पायलनं. त्याच इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ साली विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला होता. पोलिसांनी ज्या विद्यार्थ्यांवर गुन्हा नोंदवला त्यात तिचंही नाव होतं, आणि कानमध्ये सन्मान मिळाला तेव्हाही ते प्रकरण पुण्याच्या कोर्टात चालूच होतं. एका हातानं अभिनंदन, दुसऱ्या हातानं तारीख.

आता पुरस्कारांकडं येतो.

पुरस्कार बरेच प्रकारचे असतात. टीव्हीवर दिसणारे सोहळे असतात, त्यात नाच, गाणी, तंबाखूच्या पुडीची नाहीतर रंगाच्या डब्याची जाहिरात, आणि जो हजर राहील त्याला काहीतरी मिळतंच असा लोकांचा पक्का समज. आमिर खान कित्येक वर्षांपासून अशा सोहळ्यांना जात नाही, ते उगीच नाही. सरकारी पुरस्कार असतात, त्यांची ज्युरी सरकार नेमतं. ऑस्करसारखे पुरस्कार त्या धंद्यातलेच लोक एकमेकांना देतात. आणि समीक्षकांचे पुरस्कार म्हणजे ज्यांचं कामच सिनेमे पाहणं आणि त्यावर लिहिणं आहे, अशी माणसं वर्षअखेरीला बसून मत देतात.

यात समीक्षकाचा फायदा एकच. सिनेमा चालला किंवा पडला तरी त्याचा पगार तोच. निर्मात्याचे पैसे त्यात गुंतलेले नसतात, हिरोशी दोस्ती टिकवायची नसते, निदान नसावी. वर्षाला दोन-तीनशे सिनेमे पाहणारा माणूस जेव्हा म्हणतो की यातला हा एक बघा, तेव्हा ते ऐकण्यासारखं असतं. आपण बियाणं घेताना दुकानदाराला विचारत नाही, मागच्या साली ज्यानं ते पेरलं त्याला विचारतो. तसंच हे. त्या नॅशनल सोसायटीचं मला आवडतं ते असं की कुणाला किती गुण पडले ते आकड्यानं जाहीर करतात. दुसरा कोण, तिसरा कोण, सगळं उघड.

पण समीक्षक म्हणजे देवमाणूस असं समजू नका. ज्या गोल्डन ग्लोबवरून काल ग्रुपवर चर्चा झाली, त्याचाच इतिहास पाहा. हा पुरस्कार १९४० च्या दशकात हॉलीवूडमधल्या परदेशी पत्रकारांनी सुरू केला. म्हणजे आपल्याच जातकुळीतली माणसं! २०२१ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'नं बातमी फोडली. मतदान करणारे सभासद ८७, आणि त्यात एकही कृष्णवर्णीय नाही. 'एमिली इन पॅरिस' या मालिकेच्या वेळी तीसहून जास्त सभासदांना पॅरिसला विमानानं नेलं होतं, पंचतारांकित हॉटेलात ठेवलं होतं. पुढं त्या मालिकेला नामांकनं मिळाली. बोंबाबोंब झाली, कलाकारांनी पाठ फिरवली, टीव्हीनं २०२२ चा सोहळा दाखवलाच नाही. २०२३ मध्ये ती पत्रकारांची संघटनाच बरखास्त झाली, पुरस्कार एका कंपनीच्या ताब्यात गेला, आता वेगवेगळ्या देशांतले तीनशेहून जास्त लोक मत देतात. पत्रकारांनी पत्रकारिता केली म्हणून पत्रकारांचा पुरस्कार ताळ्यावर आला. ही बातमी दर्पण दिनाच्या प्रत्येक भाषणात सांगितली पाहिजे.

कारण आपल्याकडं काय चालू आहे? दर वर्षी डिसेंबर लागला की मला फोन येतात. "सर, आपली राज्यस्तरीय आदर्श पत्रकार पुरस्कारासाठी निवड झाली आहे." मी विचारतो, माझी कोणती बातमी वाचली? तिकडं शांतता. मग म्हणतात, "नोंदणी फी एकवीसशे, त्यात ट्रॉफी, फेटा, जेवण आणि दोन पाहुण्यांचे पास." मी नको म्हणतो तर म्हणतात, "सर, पंधराशे करू." पुरस्कारात घासाघीस! हे फक्त पत्रकारांचं नाही. आदर्श शिक्षक, आदर्श सरपंच, समाजभूषण, कृषिरत्न, सगळ्यांचे दर ठरलेले. ज्यानं खरोखर काम केलं त्याला तो फोन येतच नाही, कारण तो पैसे देणार नाही हे त्यांना माहीत असतं. आणि ज्याला एखादा खरा पुरस्कार मिळतो, त्याच्याकडंही लोक संशयानं पाहतात, "किती दिले रे भाऊ?" खोट्या पुरस्कारांचं मोठं नुकसान हे आहे. ते खऱ्याची किंमत खाऊन टाकतात.

म्हणून मी कोणताही पुरस्कार पाहिला की तीन गोष्टी तपासतो. देणाऱ्यानं ते काम पाहिलंय का? देणाऱ्याला घेणाऱ्याकडून काही मिळतंय का? आणि का दिला हे तो चारचौघांत सांगू शकतो का? न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि त्या नॅशनल सोसायटीचा निर्णय मला या तिन्हींवर टिकणारा वाटतो. आपल्या फेडरेशनच्या समितीनं सिनेमा पाहिला हे खरं. पण का दिला हे सांगायची वेळ आली तेव्हा त्यांच्या पत्रकाची सुरुवात भारतीय स्त्री म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं अजब मिश्रण, अशा अर्थाच्या वाक्यानं झाली. तेरा पुरुष. काय बोलावं!

आता दुसरी बाजू. माझा एक दोस्त आहे, कृषी केंद्र चालवतो, सिनेमाचा दर्दी. तो म्हणतो, "तू समीक्षकाचं सांगू नको. त्याइले जो पिच्चर आवडते, थो आपल्याले झोप आनते. एक मानूस खिडकीतून पाच मिनिटं बाहेर पाह्यते, अन् हे टाळ्या वाजवतात." त्याचं अगदीच चूक नाही. समीक्षकांच्या आवडीत कळपाची सवय असते. एकानं उचललं की सगळे उचलतात. साध्या, हसवणाऱ्या, रडवणाऱ्या सिनेमाला ते पटकन कमी लेखतात. आणि परदेशातला समीक्षक आपल्याकडची गरिबी पाहून उगाच हळवा होतो, हाही आरोप जुना आहे.

पण मराठी सिनेमाचा इतिहास काढला तर समीक्षकाला आवडलं म्हणजे लोकांना आवडणार नाही, हे खोटं ठरतं. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' व्हेनिसला गौरवला गेला आणि तोच सिनेमा गावोगाव लोकांनी हात जोडून पाहिला. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, १९५४ साली, आणि आपल्या आज्यांनी त्यात पदर ओले केले. पुढं पन्नास वर्षं मराठीला ते यश मिळालं नाही, ते 'श्वास'नं मिळवलं. तो ऑस्करला जायचा म्हटल्यावर लोकांनी वर्गणी काढली होती, आठवतंय ना? सिनेमासाठी वर्गणी! 'सैराट' बर्लिनच्या महोत्सवात दाखवला आणि इकडं लोक टॉकीजात नाचले. विदर्भाच्या मातीतला 'नाळ' घ्या. त्यातल्या आपल्या अमरावतीकडच्या श्रीनिवास पोकळेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्याचं ते वऱ्हाडी बोलणं घराघरात पाठ झालं.

उलटं उदाहरणही आहे, तेही आपल्याच मुलखातलं. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट'. व्हेनिसला दोन पुरस्कार, इकडं सुवर्णकमळ, भारताची ऑस्कर प्रवेशिका. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे साकारला नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. कार्यकर्ता माणूस, 'विद्रोही' मासिकाचा संपादक. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनानं गेले. त्यांचं नाव आपल्या भागात किती जणांना माहीत आहे? ताम्हाणेच्याच 'द डिसायपल'ला २०२० साली व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि जगभरच्या समीक्षकांच्या संघटनेचाही. मराठी सिनेमा, शास्त्रीय गायकाची गोष्ट. तो थेट नेटफ्लिक्सवर आला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांच्या 'कासव'ला २०१७ मध्ये सुवर्णकमळ मिळालं, सिनेमा टॉकीजात यायला ऑक्टोबर उजाडला. हे सिनेमे आपल्याला आवडले नाहीत असं म्हणता येत नाही. ते आपल्यापर्यंत आलेच नाहीत. न चाखताच भाजी आळणी कशी म्हणायची?

आणि ते का आले नाहीत याचा थोडा दोष आमच्या धंद्याकडं जातो.

पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आम्हाला सिनेमाचं परीक्षण लिहायला लावायचे. शुक्रवारी सिनेमा लागायचा आणि आठवड्याच्या आत पेपरात परीक्षण यायचं. खेड्यातला माणूस ते वाचून ठरवायचा की तालुक्याला जायचं का नाही, कारण एसटीचं भाडं आणि तिकीट दोन्ही त्याच्या खिशातून जायचं. आज जिल्हा आवृत्तीत परीक्षणाला जागा नाही. निर्मात्याच्या माणसानं पाठवलेली प्रेसनोट येते, ती तशीच लागते. यूट्यूबवर पहिला शो सुटायच्या आधी 'पब्लिक रिव्ह्यू' तयार असतो. पाचपैकी साडेचार तारे. कुणी दिले? का दिले? त्या एकवीसशेवाल्या ट्रॉफीचाच हा भाऊ. टॉकीजचं तर विचारूच नका. यात्रेतल्या तंबूतले सिनेमे गेले, एकपडदा टॉकीज एकेक करून बंद झाल्या, कुठं मंगल कार्यालय झालं, कुठं गोडाऊन. छोट्या सिनेमासाठी कुणी शब्द टाकणाराच उरला नाही. म्हणून त्याच्या भल्यासाठी न्यूयॉर्कच्या माणसाला बोलावं लागतं. तिथल्या समीक्षकांचा आनंद आहेच, पण ही वेळ यावी याची मला लाज वाटते.

हा सिनेमा देशात लागला तो २२ नोव्हेंबरला. आठवा, २० तारखेला विधानसभेचं मतदान झालं होतं, २३ ला निकाल होता. महाराष्ट्रात त्या आठवड्यात कुणाला दुसरं काही दिसत नव्हतं. मलाही नाही, मी मतमोजणीच्या पासासाठी पळत होतो. मोठ्या शहरांतल्या मोजक्या पडद्यांवर आला आणि गेला. आपल्या नांदुरा-मलकापूरकडं येण्याचा प्रश्नच नव्हता.

पण आता कारण उरलं नाही. ३ जानेवारीपासून तो हॉटस्टारवर आला आहे. क्रिकेटसाठी ते ॲप अर्ध्या गावाच्या मोबाईलमध्ये आहेच. बरंचसं बोलणं मल्याळममध्ये आहे, थोडं हिंदी, थोडं आपलं मराठी. खाली अक्षरं वाचावी लागतील. घाबरू नका, तेलुगू मारधाड पाहताना तुम्ही कुठं शब्द न् शब्द समजून घेता? आणि एक विनंती, टेलिग्रामवरून उतरवू नका. मोठ्या हिरोच्या सिनेमाला त्यानं ओरखडाही पडत नाही, असल्या छोट्या सिनेमाला मात्र प्रत्येक पाहणारा मोजला जातो.

सुरुवातीला हळू वाटेल, अर्धा तास धीर धरा. घरातल्या बायकांसोबत पाहा. पार्वतीच्या खोलीचा विषय आला की पाहा, त्या काय बोलतात. मला खात्री आहे, समीक्षकांनी लिहिलं नाही असं काहीतरी त्या बोलतील.

दोन गोष्टी करता येतील, त्या मांडतो.

एक, आपल्या वाचनालयाकडं भिंत आहे, शाळेत प्रोजेक्टर आहे. महिन्यातून एक मराठी सिनेमा, निर्मात्याची किंवा वितरकाची रीतसर परवानगी काढून, गावात दाखवायचा. छोट्या सिनेमांचे लोक अशा परवानग्या आनंदानं देतात. मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' १९६८ पासून हेच काम करत आलं आहे. तिथं होतं तर इथं छोट्या प्रमाणावर का नाही? सिनेमा झाल्यावर अर्धा तास बोलायचं. ज्याला आवडला नाही त्यानं आधी बोलायचं, हा नियम.

दोन, पत्रकार मित्रांना. पुढच्या दर्पण दिनाला आपल्या तालुक्यापुरता एकच पुरस्कार ठेवू. ट्रॉफी नको, फेटा नको, फी तर नकोच. वर्षभरात तालुक्यातल्या कोणत्या बातमीनं कुणाचं काम झालं, कुणाचा फेरफार निघाला, कुणाचं नाव सातबाऱ्यावर चढलं, ते पाहू. निवड करणारे पत्रकार नसतील, वाचक असतील, त्यात निम्म्या बायका असतील. कुणाला किती मतं पडली ते याच पानावर आकड्यासह टाकू.

आणि ज्यांनी ग्रुपवर 'भोपळा' लिहिलं त्यांना एवढंच, छाया कदमचा तो सिनेमा पाहून मग लिहा. आवडला नाही तर बेलाशक शिव्या द्या, इथं कॉमेंटमध्ये द्या. मी उत्तर देईन. पण पाहून द्या.

उद्या-परवा कोण कोण पाहणार आहे ते खाली सांगा. वाचनालयाच्या कल्पनेसाठी कुणी वेळ देणार असेल तर तेही लिहा. रविवारी संध्याकाळी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर बसू आणि तारीख ठरवू.